बॅज अंगावर होता

३ मार्च, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत

बारक्या,

वर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून नुसती हाक मारून सुरुवात करते. पाकीट न फोडता फेकू नकोस. फेकायचंच असेल तर आधी तुझ्या बायकोला वाचायला दे, तिला तरी अक्कल आहे.

सहा वर्षं झाली. मधे मी तीनदा फोन केला आणि तू तिन्ही वेळा "राँग नंबर" म्हणालास. सख्ख्या बहिणीचा आवाज ओळखून राँग नंबर! पहिल्या वेळी मला हसू आलं होतं, नंतर नाही आलं. असो. भांडण उकरून काढायला लिहीत नाही, कामासाठी लिहितेय.

तुझ्या इस्पितळातून आमच्या प्रयोगशाळेत एक फॉर्म आलाय. रक्ताच्या डॉक्टरांनी पाठवलाय. तुझं नाव, बॅजचा नंबर, आणि खाली एक ओळ: नोकरीत आजवर मिळालेला एकूण किरणोत्सर्ग कळवावा. असे फॉर्म महिन्याला चार-पाच येतात आणि माझ्याच टेबलावर येतात. पाकीट फोडलं, नाव वाचलं आणि तशीच बसून राहिले. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अहो, चहा निवला तुमचा." तो तिनेच मग ओतून टाकला.

कोपऱ्यात डॉक्टरांनी पेन्सिलीने लिहिलंय: पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, चार महिन्यांपासून. हे मला फॉर्मवरून कळावं? चार महिने तू आजारी आहेस आणि इथे मी परक्या माणसांच्या फिल्मा धुत बसलेय. उत्तर वीस तारखेच्या आत हवंय. एकतीसला मी निवृत्त होते.

तुझं कार्ड काढलं. तुला सगळं ठाऊकच आहे, तरी क्रमाने लिहिते, कारण माझ्या डोक्यात आता गुंता झालाय. सतरा वर्षं तू पाइपांचे जोड तपासतोयस. जड पेटीतून किरण फेकणारा सोर्स बाहेर सोडायचा, जोडाच्या पलीकडे फिल्म लावून फोटो घ्यायचा, सोर्स परत पेटीत ओढायचा, आणि हे सगळं करताना छातीवर बॅज. त्या बॅजमधली छोटी फिल्म दर तीन महिन्यांनी आमच्याकडे येते. आम्ही ती धुतो, किती काळी पडलीय ते मोजतो आणि कार्डावर मिलिसिव्हर्टचा आकडा लिहितो. वर्षाची मर्यादा वीस. तुझे आकडे कायम शून्य, एक, दोन, कधी तीन. आणि सहा वर्षांपूर्वीच्या त्या एका तिमाहीत आठशे साठ.

कार्डावर तो आकडा नाही. तिथे शून्य आहे, आणि पुढे माझ्या अक्षरात टीप: डोस बॅजला, व्यक्तीला नाही. खाली माझी सही.

मी नियमाने केलं, बारक्या. मोठा आकडा आला की कंपनीला विचारायचं, बॅज अंगावर होता का. तुझ्या मुकादमाच्या सहीचं पत्र आलं. सोर्स पेटीत पुरता परत गेला नव्हता, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि बॅज लावलेलं जाकीट तिथेच पाइपावर पडलं होतं. माणूस लांब होता. असं नेहमी घडतं. लोक बॅज खुंटीला विसरतात, ॲप्रनला अडकवून घरी जातात, एकाने तर शर्टाबरोबर धुवायला टाकला होता. पत्र आलं, टीप लिहिली, सही केली. माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं.

तू मात्र फोनवर म्हणाला होतास, "होता गं ताई, अंगावर होता." पण कागद उलटं सांगत होता आणि मी कागदाने चालते. आता तूच सांग, डॉक्टरांना काय कळवू? तू लेखी दिलंस तर फेरतपासणीला घालते. एक ओळ लिही. भांडायला लिही, चालेल.

आई बरी आहे. गुडघे सोडून सगळं चालतं, तोंड तर पळतं.

ताई


८ मार्च, शनिवार

बारक्या,

तुझं उत्तर नाही. तुझ्या बायकोचा फोन आला. म्हणाली, "ताई, ते पत्र वाचतात. दोनदा वाचतात. मग घडी घालून खिशात ठेवतात आणि आंघोळीला निघून जातात. काही विचारलं तर म्हणतात, पाणी निवेल." मी म्हटलं, लहानपणी आंघोळीला पकडून न्यावं लागायचं त्याला, सुधारला म्हणायचा. ती हसली नाही.

मग तिने मला झाडलंच. "तुम्ही त्यांना काय विचारता? ते सहा वर्षांपूर्वी सांगून बसलेत. सांगायचं तुम्हाला आहे." डॉक्टर काय म्हणाले तेही तिच्याकडून कळलं. डोस नेहमीसारखाच असेल तर हे जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही होऊ शकतं, तीन महिने गोळ्या घ्या, मग बघू. डोस मोठा असेल तर वाट बघायची नाही, लगेच हाडातली मज्जा काढून तपासायची. कार्डावर शून्य आहे म्हणजे गोळ्या आणि तीन महिने. "तुमच्या एका आकड्यावर अडलंय," म्हणाली आणि फोन ठेवला. बरी भेटलीय तुला.

तेव्हा आता ऐक. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. लिहिणार होते, पण पेन तिकडे वळेना.

आमचे जुने साहेब तुला आठवतात? एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कपाळावर ठेवून तिसरा शोधायचे, ते. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात त्यांनी मला उजेडाच्या पेटीपाशी उभं केलं. बॅजच्या डबीत फिल्मच्या पुढे-मागे तांब्याच्या, शिशाच्या लहान पट्ट्या असतात, त्यांची सावली फिल्मवर उमटते. साहेब म्हणाले, "आकडा कुठे पळून जात नाही. आधी कडा बघ." बॅज खुंटीला किंवा पाइपावर निपचित पडलेला असेल तर किरण एकाच बाजूने येतात आणि पट्टीच्या सावलीची कड ब्लेडने कापल्यासारखी उमटते. बॅज माणसाच्या छातीवर असेल तर माणूस वाकतो, वळतो, खोकतो, श्वास घेतो. मग कड पुसट येते.

तुझ्या फिल्मवरची कड पुसट होती. मी पाहिली होती. मुकादमाचं पत्र यायच्या आधी पाहिली होती.

म्हणजे मला माहीत होतं. तू खोटं बोलत नाहीस हे कागदाआधी आणि फोनाआधी माहीत होतं. फोन केला तो तू "नव्हता" म्हणशील या आशेने केला. तू "होता" म्हणालास, मग मी त्या खोटारड्या मुकादमाच्या पत्राची वाट बघत बसले, आणि ते आल्यावर मला हायसं वाटलं. वरच्या चौथ्या मजल्यावर रक्ताची खोली आहे. आकडा शंभरच्या पुढे गेला की माणसाचं रक्त घ्यायचं, पेशींमधले तुटून भलतीकडे जुळलेले गुणसूत्रांचे तुकडे मोजायचे, की डोस खरा किती ते कळतं. माणूस कचरला, कंपनी फिरली, तरी रक्त फिरत नाही. पण "व्यक्तीला नाही" असं एकदा लिहिलं की रक्त घ्यायचा प्रश्नच येत नाही. तो प्रश्न येऊ नये म्हणूनच मी ते लिहिलं.

काल फिल्मांच्या खोलीत गेले. तुझं पाकीट जागेवर होतं. खोलीची किल्ली माझ्याकडे, यादी माझ्याकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणते. ते पाकीट पर्समध्ये घालून चालती झाले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, आणि तीन आठवड्यांनी हार घालून घेऊन मी घरी गेले असते. चांगली दहा मिनिटं ते हातात धरून उभी होते. परत ठेवलं. ठेवलं म्हणून साधू झाले असं नाही. दहा मिनिटं लागली, एवढंच सांगतेय.

तुझ्यासाठी केलं मी ते. सदतिसाव्या वर्षी एकदाचं तुझं लग्न झालं होतं, त्याला आठ महिने झाले होते. आकडा चढवला असता तर चौकशी लागली असती. किरण मोजायच्या मीटरची बॅटरी संपलेली असताना तू आत गेलास आणि सोर्सपासून हातभर अंतरावर अर्धा तास फिल्मा बांधत बसलास, हे तू फोनवर सांगितलेलं बाहेर आलं असतं. तुझा परवाना गेला असता. आणि दुसरं काही तुला येत नव्हतं. राग येऊ दे, पण नव्हतं येत.

उत्तर दे बाबा.

ताई


१४ मार्च, शुक्रवार

बारक्या,

"तुझ्यासाठी केलं" हे वाक्य मी आठवडाभर मनात घोळवलं. आधी बरं वाटलं. मग दाताखाली खडा यावा तसं होऊ लागलं. आज ते निस्तरते.

आईला कळलंय. मी सांगितलं नाही, तिने काढून घेतलं. तुझ्या बायकोचा परवा परत फोन आला होता, आई आतल्या खोलीत झोपली होती. आईची झोप म्हणजे तुला माहीत आहे, घोरणं सुरू आणि कान उघडे. फोन ठेवल्यावर आतून आवाज आला, "काय झालंय त्याला?" मी म्हटलं काही नाही, अशक्तपणा आहे. "अशक्तपणासाठी कोणी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवून येत नाही. इकडे ये, बस."

बसले. सांगितलं सगळं. आकडा सांगितला, त्याचा तिला काय पत्ता लागणार! पण वर्षाला वीसच्या जागी एका दुपारी आठशे साठ, हे कळलं तिला. मग तिने तेच विचारलं, जे ती विचारेल म्हणून मी सहा वर्षं तिच्याशी तुझा विषय काढला नाही. "त्याला त्या कामाला कुणी लावलं?"

मीच लावलं. बाबा गेल्यावर तू दोन दुकानांत टिकला नाहीस, छापखान्यातून तर जेवायच्या सुट्टीत पळून आलास. फॉर्म मी आणला, मी भरला, सही तेवढी तुझी. मुलाखतीला तुझ्या शर्टाची इस्त्रीही मीच केली. आई तेव्हा घाबरली होती, नको म्हणत होती, किरणांचं काम आहे. मी काय म्हणाले होते ते तू दारात उभा राहून ऐकलंस. "अगं, त्याच्या बॅजचा आकडा माझ्याच हाताखालून जाणार. घरात असल्यासारखाच आहे तो. जरा कुठे वाढला तर मला आधी कळेल." आईचा हात हातात घेऊन म्हणाले होते.

आणि कळलंच की मला आधी. उजेडाच्या पेटीवर पुसट कड बघितली तेव्हा तुझा परवाना, तुझं लग्न, यातलं काहीही माझ्या मनात आलं नाही. ते नंतर जुळवलं. मनात आलं ते एवढंच की आता आईला काय सांगू. आठशे साठ तुझ्या कार्डावर चढला असता तर त्याच्यापुढे माझं नाव लिहिल्यासारखं झालं असतं. मला ते सोसवलं नसतं. म्हणून तुझ्या अंगाला लागलेलं मी कागदावर पुसून टाकलं, आणि वर माझी भावना, तुझ्यावर उपकार केल्याची! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तू त्या फोनवर अजून एक म्हणाला होतास. त्या दिवशी दुपारनंतर दोनदा उलटी झाली होती. मी म्हटलं, उन्हात बसला असशील, पाणी पीत जा. पंचवीस वर्षं नोकरी झालेली बाई, असा डोस लागल्यावर पहिल्या काही तासांत काय होतं ते मी नव्या पोरींना शिकवते, आणि सख्ख्या भावाला म्हणाले पाणी पीत जा.

शिवाय शून्य लिहिल्यामुळे तू कामावर राहिलास. आठशे साठ लिहिलं असतं तर सोर्सपासून तुला कायमचं लांब ठेवलं असतं. नंतरच्या सहा वर्षांत तुला अजून एक्केचाळीस मिळालेत. काल बेरीज केली.

आईने हे सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं बोलेल, शिव्या घालेल. निदान रडेल तरी. ती म्हणाली, "लावलंस तशी आता सोडव. मला उठायला हात दे." आणि उठून तुझा जुना स्वेटर शोधत बसली. मिळाला नाही, मग त्यावरून माझ्यावर डाफरली.

सोमवारी आमच्या आताच्या साहेबीणबाईंना सांगते.

ताई


१९ मार्च, बुधवार

बारक्या,

फॉर्म गेला. काल तुझी बायको स्वतः येऊन घेऊन गेली, टपालावर तिचा विश्वास नाही. एकूण डोस नऊशे चौतीस, त्यातले आठशे साठ एकाच प्रसंगी. खाली माझी सही, शेजारी बाईंची. डॉक्टरांनी मज्जेच्या तपासणीला सोमवार दिलाय, हे तिने आताच कळवलं. घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण जा.

सोमवारी सकाळी मी बाईंच्या खोलीत गेले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, पण शांत डोक्याच्या. फिल्म दाखवली, कार्ड दाखवलं, सगळं सांगितलं. त्यांनी फिल्म उजेडावर धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "तुम्ही दोन आठवड्यांत सुटताय."

"म्हणून तर आले."

"मला वाटलं होतं तुमच्या निरोपाचं भाषण लिहायचं आहे." मग चष्मा काढून ठेवला. "ताई, तुम्हाला कळतंय ना? आता तुमची ही अशी प्रत्येक टीप उघडावी लागेल. एकतीस वर्षांची."

कळत होतं. "डोस बॅजला, व्यक्तीला नाही" अशा माझ्या सहीच्या टिपा किती निघाल्या सांगू? दोनशे चौदा. दोघीजणी फिल्मांच्या खोलीत बसून एकेक पाकीट काढून कडा बघताहेत. मला कार्डांना हात लावायची मनाई आहे. खिडकीपाशी एक रिकामं टेबल दिलंय, तिथे बसून मी दोन दिवस पेन्सिलींना टोक काढतेय. प्रयोगशाळेत इतक्या पेन्सिली आहेत हे मला एकतीस वर्षांत माहीत नव्हतं. निरोपाचा कार्यक्रम रद्द झाला. बरं झालं, भाषणं ऐकायची टळली.

खात्रीने सांगितलं होतं मी बाईंना, की असं एकदाच केलं, भावापुरतं. आज दुपारपर्यंत दीडशे फिल्मा बघून झाल्या. आणखी दोन पुसट निघाल्या.

मला त्यातली एकही आठवत नाही. मी मुद्दाम लपवल्या नाहीत, मी बघितल्याच नव्हत्या. दोन्ही तुझ्यानंतरच्या आहेत. तुझ्यानंतर मी कडा बघायचं सोडून दिलं होतं, बारक्या. मला वाटायचं घाई असते, डोळे थकतात. पत्र आलं की सही. एक आहे क्ष-किरण काढणारी बाई, तिला आज पत्र गेलं. दुसरा तुझ्याच धंद्यातला माणूस. त्याने नोकरी सोडली, जुन्या पत्त्यावर कोणी राहत नाही. तो कुठेतरी आहे आणि त्याच्या कार्डावर माझ्या सहीचं शून्य आहे.

फार थकलेय रे. पाय दुखत नाहीत, काही नाही, पण जिना चढताना मधेच उभी राहते.

एक काम राहिलंय. तुझं रक्त. तेव्हाचे तुटके तुकडे आता फारसे उरले नसतील, दोन-तीन वर्षांत निम्मे होतात ते. सहा वर्षांपूर्वी आठवडाभरात घेतलं असतं तर लख्ख दिसलं असतं. पण ज्या तुकड्यांची आपसात अदलाबदल झालेली असते ते टिकतात, रंग घालून ते मोजता येतात. मोजायला वेळ लागतो आणि उत्तर मोघम येतं, तरी येतं. नियमाने मला त्या मोजणीच्या जवळपासही फिरकता येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. एक तारखेला सकाळी दहाला ये. चौथा मजला. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं सांग, मी खाली थांबेन.

ताई


२ एप्रिल, बुधवार

बारक्या,

काल भेटलो आणि तरी पत्र लिहितेय, आई हसतेय मला. म्हणते, फोन कर की. फोनवर मला बोलता येत नाही, ते तुला माहीत आहे.

तू किती वाळलास. कॉलरमध्ये दोन बोटं जातील. ते तोंडावर बोलले नाही, कारण तू रक्त देऊन बाहेर आलास, कोपरात कापसाचा बोळा दाबून त्या बाकावर माझ्या शेजारी बसलास, आणि मला भीती वाटली की मी काही बोलले तर तू उठशील. म्हणून काय विचारलं, तर किती रक्त घेतलं! तू म्हणालास, दोन नळ्या. मग तू विचारलंस, आई कशी आहे. मी म्हटलं, तोंड चालू आहे. एवढं बोलायला आपल्याला सहा वर्षं लागली.

मज्जेचा निकाल तुझ्या बायकोने सांगितला होता. पेशी बिघडायला लागल्यात, पण सुरुवात आहे, आणि तीन महिने थांबलो असतो तर वेगळं बोलावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. हे त्या दुपारमुळेच झालं का, असं तिने विचारलं, तर म्हणाले, छातीठोक सांगता येत नाही. बरोबर आहे त्यांचं. एवढा डोस शंभर माणसांना मिळाला तर चार-पाच जणांना पुढे कधीतरी त्याचं दुखणं होतं, बाकीच्यांना काही होत नाही. तू त्या चार-पाचांतला की नाही, हे कुठल्या फिल्मवर उमटत नाही. मी जन्मभर मोजत आले आणि मला ते सांगता येत नाही.

मग तू म्हणालास, "तू पत्रात मुकादमाला खोटारडा म्हणालीस."

मी म्हटलं, "खोटारडाच आहे तो मेला."

"त्याने खोटं नाही लिहिलं. मी सांगितलं तेच लिहिलं." तू खाली फरशीकडे बघत होतास. "बॅज जाकिटात होता असं मीच त्याला सांगितलं. घाबरलो होतो. परवाना गेला असता तर काय खाल्लं असतं? नवीन लग्न होतं."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "अरे, मग मला कशाला सांगितलंस, होता म्हणून?"

"कुणाला तरी खरं सांगायला नको का? तुला सांगितलं. म्हटलं, ताई लिहील. मी घाबरतो, ती नाही घाबरत. तिने लिहिलं की मला परत काही बोलायला नको, आपोआप सगळं होईल." मग बोळा उघडून बघितलास, रक्त थांबलं होतं. "कार्डाची प्रत आली, त्यावर शून्य होतं. मला वाटलं, चला, तीही माझ्यासारखीच."

आणि जिना उतरून गेलास. मी हाक मारली नाही. मारायला तोंड कुठे होतं?

काल दिवसभर मी त्याच बाकावर असल्यासारखी होते. मला वाटत होतं तू रागावलास तो मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून. तसं असतं तर बरं झालं असतं रे. तू सगळ्या जगात एका माणसाला खरं सांगितलंस आणि ते माणूस मी निघाले.

आज माझ्या जबाबावर सही करायला शेवटचं बोलावलं होतं. जबाब मी आधीच लिहून दिला होता, बाईंनी टाइप करून ठेवला होता. त्यात एक रकाना आहे: बॅज व्यक्तीच्या अंगावर होता हे कशावरून समजले? तिथे मी लिहिलं होतं, फिल्मवरील सावलीच्या कडा पुसट आहेत. बरोबर आहे, तपासून घेता येतं, कुणीही बघावं. मी बाईंकडे पेन मागितलं आणि त्या ओळीच्या वर हाताने लिहिलं: त्याने मला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं.

बाईंनी वाचलं. म्हणाल्या, "ताई, हे पुराव्यात धरता येत नाही. तुम्ही नात्यातल्या."

मी म्हटलं, "धरू नका. पण खोडूही नका."

त्यांनी खोडलं नाही. मी खाली सही केली, पेन परत दिलं आणि घरी आले.

ताई